लक्ष वाती

"दर अर्ध्या तासाने माऊस सोडायचा आणि पाच मिनिटं मनगटाला विश्रांती द्यायची," डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. ऑफिसात मी एकही वेळ चुकवली नाही. तरी दोन महिन्यांत उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली. गरम कप धरला तरी कळेना.

"त्या पाच मिनिटांत काय करता?" पुन्हा दाखवायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं.

"वाती वळते. चातुर्मासात लक्ष वातींचा नेम आहे माझा."

सोबत आलेले माझे सासरे, अप्पा, कपाळावर हात मारून म्हणाले, "अगो, ही विश्रांती नाय, ही दुसरी पाळी झाली!"

"वाती बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मान हलवली. काळाचौकीला घरी येऊन देवापुढे बसले, पण रडूही आलं नाही. निम्म्या वाती अजून बाकी होत्या.

"नेम मोडूचो नाय. मी बघतंय," अप्पा मागून एवढंच म्हणाले.



संपात गिरणी गेल्यापासून देवाला हात न जोडणारे अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कापसाची परडी घेऊन देवापुढे बसले.