ताईंनी आखलेली सहल

“ताई, त्या मनोऱ्याला लिफ्ट आहे का हो?”

थोरलीने शिलाईचं मशीन थांबवलं. चार महिने दोघी जावांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आज मात्र धाकटी हातात फोन घेऊन समोरच्या स्टुलावर बसली होती.

“लिफ्ट कशाला? चार पायऱ्या तर आहेत,” थोरली म्हणाली.

त्या पायऱ्या चढताना तरणीताठी माणसं भिंतीला टेकतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लग्नाआधी ती त्याच शहरात नोकरीला होती.

“शुक्रवारी रात्री गाडी, रविवारी परत. तुम्हाला सगळं माहितीये, म्हणून विचारलं.”

तुम्ही जाताय तर खुशाल जा, थोरली मनात म्हणाली. घर रिकामं होणार, या विचारानेच तिला उकळ्या फुटत होत्या.

भांडण वरच्या खोलीचं होतं. सासूबाई जाताना दोघींना बजावून गेल्या, खोली दोघींची, किल्ली जिन्यातल्या खिळ्यावर राहील. थोरलीला तिथे मशिनं मांडायची होती, धाकटीला शिकवण्या घ्यायच्या होत्या. एक घरात असताना दुसरीची कुलपाला हात लावायची छाती नव्हती. पण एकदा आपलं नवीन कुलूप बसलं की मग बसा बोंबलत!

“राहायला तळमजला मिळेल का कुठे?”

“शी! तिसरा घ्या. वारा किती येतो.”

“गुडघे दुखणाऱ्याला झेपेल ना?”

म्हणजे स्वतःच्या आईलाही नेतेय वाटतं. बरंच झालं, म्हातारीही कण्हेल.

“न झेपायला काय झालं? शनिवारी पहाटे राजवाडा, मग संग्रहालय. तिथून जुन्या बाजारातून चालतच मनोरा गाठायचा. बसच्या नादाला लागू नका. रविवारी बोट आणि टेकडीवरची बाग.”

“दमछाक नाही होणार?”

“दमायला घर आहे की! पैसे मोजून जायचं आणि लोळायचं?”

धाकटी मान खाली घालून सगळं फोनमध्ये टिपत होती. “तुमच्यासारखं कुणी सांगितलं नसतं हो, ताई.”

“नसतंच सांगितलं,” थोरली म्हणाली. टेबलाला धरून ती कशीबशी उठली आणि गुडघ्याचा पट्टा आवळला.

संध्याकाळी दोऱ्याचं रीळ आणायच्या निमित्ताने ती कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेली. “शनिवारी सकाळी घरी ये. वरच्या खोलीला नवीन कुलूप बसवायचंय. कुणाजवळ बोलू नकोस.”

शुक्रवारी नवरा लवकर घरी आला. शीळ घालतच त्याने माळ्यावरून बॅग काढली.

“कुठे निघालात?” थोरलीने विचारलं.

“निघालात नाही, निघालोत!” तो हसला. “पंचवीस वर्षं म्हणतोय, तुझं ते शहर मला दाखव. आज मुहूर्त लागला. तुला आधी सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती.”

मागून धाकटी आली. तिने थोरलीच्या हातात तिकिटं ठेवली. “लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची भेट. तुम्ही सांगितलंत, अगदी तसंच सगळं ठरवलंय. तिसरा मजलासुद्धा.”

“अगं, पण माझे गुडघे...” थोरलीने गुडघ्याच्या पट्ट्यावर हात ठेवला. “आणि तुम्ही दोघं?”

“आम्ही कुठे जातोय? घराला कुणीतरी हवंच ना.”

दारात रिक्षा येऊन थांबली. नवऱ्याने बॅग उचलली. त्याचे डोळे भरून आले होते. नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. थोरली पाय ओढत रिक्षात बसली आणि तिने एकदा वरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

धाकटी रिक्षापाशी येऊन वाकली. आवाज अगदी मऊ होता. “ताई, घराची काळजी करू नका. काल मी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला शनिवारचं बोलवायला गेले, तर तो म्हणाला, त्या घरचं काम मी आधीच घेतलंय, किल्ल्या कुणाच्या हातात देऊ तेवढं सांगा.”