एक्केचाळीस सॉरी

"कोटाची पाठ कुठंय?" बायकोने विचारलं, तेव्हा कोशकारांनी 'सॉरी' शब्दाच्या कार्डांवर हात ठेवला. पण उशीर झाला होता. कार्डांच्या मागून तिचंच अक्षर डोकावत होतं: खांदा, मान, कंबर.

झालं असं की जुनी मळकी कार्डं नव्याने उतरवायची होती, कोरी संपली होती, आणि तिच्या शिलाईच्या टेबलावर चांगला जाड कागद पडला होता. कोशकारांनी कात्री लावली. दोन दिवस मापं जुळवून बेतलेला कोटाचा कागदी नमुना असा थेट शब्दकोशात गेला. गिऱ्हाईक पाचला यायचं होतं. बायको रडली नाही, ओरडली नाही. आपल्या टेबलाशी परत जाऊन, नवा कागद पसरून मुकाट्याने रेघा मारायला लागली. हे फार वाईट लक्षण होतं.

"अगं, गंमत माहितीये?" कोशकारांनी तिच्या मागोमाग येऊन सूर लावला. "लोकांना वाटतं, हा शब्द 'सॉरो' म्हणजे दुःख, त्यातून आला. सपशेल चूक! जुन्या इंग्रजीत त्याचं मूळ म्हणजे दुखणं. दुखरी जागा. म्हणजे आधी कुठेतरी दुखतं, मग..."

"झालं मूळ सांगून?" तिने पेन्सिल कानामागे खोचली. "आता शब्द येऊ द्या."

कोशकार लगबगीने आपल्या खोलीत गेले. त्यांचा नियमच होता: आधी उदाहरण, मग शब्द. उदाहरण स्वतःच्या कानांनी ऐकलेलं, खाली बोलणाऱ्याची नोंद. 'चूक करणारा म्हणतो' या अर्थाची एक्केचाळीस कार्डं सकाळीच त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवली होती. वाचली मात्र आत्ता.

'सॉरी, तुमचा चहा गार झाला.' बायको. चहा त्यांनीच पेपरात डोकं घालून गार केला होता.

'सॉरी, तुमच्या खोक्याला पाय लागला.' बायको. खोकं दारात ठेवलं होतं त्यांनी. अंगठा सुजला होता तिचा.

'सॉरी, तुमचं वाक्य मध्येच तोडलं.' बायको. वाक्य पाऊण तास चाललं होतं.

एक्केचाळीसही कार्डांवर बायको. चूक करणारा एकाही कार्डावर बोलला नव्हता.

कोशकार उठले. शिलाईच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दोनदा घसा खाकरला.

"सॉरी."

बायकोने मान वर केली नाही. "हे कुणाचं उदाहरण वाचून दाखवताय?"

"माझं," कोशकार म्हणाले. "पहिलंच आहे."