ऑस्मोच्या वाटचा केक

"परत केक? परवा तर वेसाचा खाल्ला. ह्या ऑफिसातल्या चुकांनी माझी एकही पँट कमरेला बसेना झालीय."

लिफ्टमध्ये मागे उभी असलेली मुलगी शेजारणीच्या कानात कुरकुरली. आइला हातातला डबा सांभाळत वळली, आणि मुलीचं तोंड मिटलं. हेन्ना होती ती. आइलाच्या नवऱ्याच्या, ऑस्मोच्या, शेजारच्या टेबलावर बसायची. फेब्रुवारीत त्याला माती द्यायलाही आली होती.

"ऑस्मोच्या वाटचा आहे," आइला म्हणाली. "तो नाही, म्हणून मी आणला."

लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबली.

ओउलू शहरातल्या त्या कंपनीचा रिवाजच होता: ज्याची चूक, त्याचा केक. आरडाओरडा नाही, बोट दाखवणं नाही. सगळ्यांनी मिळून खाल्ला की चूक पोटात गेली. ऑस्मोपायी आइलाला फारसे केक भाजावे लागले नव्हते. माणूस भलताच काटेकोर.

ही चूक मात्र पोटात जाण्यातली नव्हती. कंपनीचं सॉफ्टवेअर लोकांची माहिती जपून ठेवायचं. त्यात एके ठिकाणी, आलेला मजकूर जागेत मावतो की नाही हे न मोजताच आत ओतला जाई. जास्तीचा शेजारच्या जागेत सांडे, आणि यंत्र त्या सांडलेल्यालाच हुकूम समजे. चोरांनी नेमके हुकूम सांडले. नवऱ्याच्या मारातून पळालेल्या बायकांचे लपवलेले पत्ते एप्रिलमध्ये बाहेर आले. त्यातली एक, पत्त्यावरून नवऱ्यानं गाठलेली, अजून इस्पितळात होती, शुद्धीवर नव्हती.

'आता हयात नसलेल्या कर्मचाऱ्याकडून राहिलेली त्रुटी,' असं पेपरात आलं. ऑस्मोचा साहेब वेसा फोनवर म्हणाला होता, "त्याचं नाव आम्ही बाहेर येऊ देणार नाही." आइलाला ते उपकारच वाटले. जानेवारीत ऑस्मो जेवताजेवता चमचा हातात धरून बसून राहायचा. "मोजायला हवं," एवढंच पुटपुटायचा. तेव्हा तिला काही उमगलं नव्हतं. आता उमगलं, चूक खात होती बिचाऱ्याला.

वेसानं तिला दारातच गाठलं आणि एक खोकं पुढे केलं. "त्याचं सामान. तुम्ही कशाला दगदग केलीत? पोचवलं असतं आम्ही."

"आधी केक," आइला म्हणाली.

सगळे टेबलाभोवती जमले. कॉफी आली. आइलानं तुकडे करून बश्यांत वाढले. ब्लूबेरीचा जांभळा रस सुरीवर ओघळला.

"फ्रीजरमधल्या शेवटच्या बेरी. गेल्या उन्हाळ्यात त्यानंच जंगलातून वेचलेल्या. घ्या ना."

कुणी हात लावला नाही. एकाचं पोट बरं नव्हतं, एकीचं नुकतंच जेवण झालं होतं. वेसा कॉफीत चमचा फिरवत राहिला. तो बिनसाखरेची कॉफी पितो, हे आइलाला पक्कं ठाऊक होतं.

"वेसा, तू तरी एक घास घे. म्हणजे सुटला तो."

"नंतर, आइला."

"नंतर कधी? एवढा राग धरलात त्याच्यावर?" तिचा आवाज चिरकला. "त्याची चूक लहान होती असं कुठं म्हणतेय मी? त्या बाईसमोर तोंड दाखवायची माझी छाती नाही. पण तुम्ही त्याच्या पंगतीला बसलेली माणसं. मेलेल्या माणसाला एक घास माफी देता येत नाही तुम्हाला?"

हेन्नानं बशी उचलली. चला, एक तरी, आइलाला हायसं वाटलं.

"हेन्ना," वेसा हळूच म्हणाला. "बस खाली."

हेन्ना बसली नाही. तिनं आपला तुकडा अलगद डब्यात परत ठेवला. मग वेसासमोरचा उचलला, तोही ठेवला.

"हा घरी न्या, आइला. ऑस्मोनं ती चूक जानेवारीतच पकडली होती. इथंच, ह्याच टेबलाशी दाखवली सगळ्यांना. नवी आवृत्ती बाजारात जाऊ दे, मग मोजत बस, म्हणून हसलो आम्ही त्याला. केक आम्ही आणायचा होता."