सात्यांची जागा

वारुळावरच्या सात्या, म्हणजे रानातली अळंबी, नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला नेमक्या कुठे उगवतात हे रुख्माबाईनं सख्ख्या लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. सुनेला सांगितलं, तेही गुडघ्यांनी दगा दिला म्हणून.

आणि त्या सुनेनं, म्हणजे खुशीनं, पहिल्याच खेपेला टोपलीचा फोटो स्टेटसला टाकला.

"काऊन टाकलास वो? साऱ्या गावाले मालूम पडते आता," सासू कडाडली.

"काही नाही मालूम पडत, आई. लोकेशन बंद आहे, मागचं झाडबी कापून टाकलं मी फोटोतून. निस्ती टोपली दिसते."

रुख्माबाईचा त्यावर काडीचा भरवसा बसला नाही. "आता मलेच पाहा लागते," असं पुटपुटत ती आपला मोबाईल घेऊन परसात गेली आणि बऱ्याच वेळानं समाधानी चेहऱ्यानं परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्माबाई काठी टेकत सुनेसोबत निघाली. दोघी पोहोचल्या, तर वारूळ साफ झालेलं आणि गावातल्या बाया भरल्या टोपल्या घेऊन परत निघालेल्या.

"पाह्य तुह्या स्टेटसचे गुन," रुख्माबाई सुनेवर खेकसली.

त्या बायांत शेजारची दुलारीही होती. तिनं टोपली खाली ठेवली, मोबाईल काढला आणि बचत गटाच्या ग्रुपवर काल आलेला आवाजी मेसेज लावला. आवाज रुख्माबाईचा होता.



"बायांनो, आमच्या खुशीचा फोटो पाहून नाल्यापल्याडच्या वाकड्या मोहाच्या झाडाजवळ कोनी बिलकुल जाऊ नका, तिथं काहीच उगवत नाही."