सोळाव्याची पंगत

"कट!" दिग्दर्शक बिनोय किंचाळला. "अहो, सोळाव्याचं जेवण आहे हे! घरातला कर्ता माणूस गेलाय! पानं पलीकडे दुमडा, पलीकडे!"

जेवण झाल्यावर पुन्हा सगळ्यांनी केळीची पानं आपल्याच बाजूला दुमडली होती, लग्नात जेवल्यासारखी.

पंगतीत नट एकही नव्हता. "आपल्या प्रेक्षकाला खोटं लगेच कळतं," म्हणत बिनोयने घर, शेजारी, स्वयंपाक सगळं केरळातल्या ओट्टपालमजवळच्या या गावातूनच उचललं होतं. भिंतीवरचा मेलेला बापसुद्धा. फोटो घरमालक शंकुण्णीचा. त्याला हार, पुढे समई. आणि खुद्द शंकुण्णी कॅमेऱ्यामागे नवी पांढरी मुंडू नेसून उभा, चांगला धडधाकट! उभा जन्म गावच्या नाटकांत दरवान झाला, सिनेमासाठी झुरला. आता कुठे काम मिळालं, तर गावच मोडता घालत होतं.

"एट्टा, हात वळत नाही हो," शेजारचा कुमारन शंकुण्णीला म्हणाला. "तुम्ही समोर उभे, आणि आम्ही पान पलीकडे दुमडायचं? अभद्र ते!"

"अरे, मरणारा मी तयार आहे, तुमचं काय जातंय?" शंकुण्णी काकुळतीला आला.

"राहू दे," बिनोय वैतागला. "तो फोटो उतरवा. दुसऱ्या कुणाचा तरी आणू."

शंकुण्णीचं तोंड एवढंसं झालं. तो बाजूला झाला.

त्याची बायको पारुक्कुट्टी पंगतीच्या टोकाला बसली होती. फोटोला हार घातल्यापासून तिने नवऱ्याशी अबोला धरला होता. आता तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा जीव कळवळला.

"फोटो राहू दे तिथेच," ती म्हणाली. "चालू करा तुमचा कॅमेरा."

तिने डोळे मिटले आणि पान पलीकडे दुमडलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते काही नाटकातलं नव्हतं. मग कुमारनने दुमडलं. मग सगळ्या पंगतीने.

"ओके!" बिनोय आनंदाने ओरडला.

डोळे पुसत पारुक्कुट्टी उठली आणि तरातरा नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. तो कानापर्यंत हसत होता.

"फिटली हौस? आता गुमान जेवायला बसा. आणि पुन्हा मेलात, तर मी आहे आणि तुम्ही आहात!"