फानेसीच्या पोटातलं

माझी नणंद मलिता धाकट्या बहिणीला, किडकिडीत फानेसीला, जन्मभर 'सुकट' म्हणून हिणवायची. वजन उतरावं म्हणून शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याच सुकटीच्या विष्ठेतले जंतू तिनं गोळ्यांतून गिळले. लाज? छे!

मलिता बारीक झाली. या पावसाळ्यात फानेसी तापानं गेली.

तिला झोम्बा गावी पुरून आलो, तर मलिता मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे पाच गोळे आणि भोपळ्याचा पाला हाणून बसली.

"माझं तर काळीजच फाटलं गं, वहिनी."

"दिसतंय," मी म्हटलं.

तेवढ्यात तिचं भरलेलं पोट गुरगुरलं. लांबलचक, उपाशी माणसासारखं.

चुलीपाशी पाठमोरी बसलेली सासू न वळताच म्हणाली, "फानेसी, थांब गं बाळ, वाढते."

पोट लगेच गप्प झालं.