पक्का रंग

"आणखी मोठा काढ, म्हाताऱ्या! विमानातून दिसला पाहिजे!" शत्रूचा कप्तान खालून ओरडला.

गावच्या शाळेत त्याने दारूगोळा भरला होता. बॉम्ब पडू नयेत म्हणून छपरावर दवाखान्याचा लाल क्रॉस हवा होता. इल्यास रंगारी मन लावून रंगवत होता. असाच क्रॉस त्याने खऱ्या दवाखान्यावर काढला होता. कप्तानाच्याच विमानांनी त्यावर नेम धरून बॉम्ब टाकले. त्यात इल्यासची लेक गेली, नर्स होती.

खाली उतरून तो म्हणाला, "घ्या साहेब. हा क्रॉस तुमचे वैमानिक कधी सोडत नाहीत."

दूरवर विमान घरघरलं. कप्तानाच्याच फौजेचं. तो पांढराफटक पडला.

"पूस! आधी पूस तो!"

"पक्का रंग आहे, साहेब," म्हणत इल्यासने शिडी खांद्यावर टाकली.